गाडी भरण्याआधी
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मदत वाटपाचे फोटो तुम्ही पाहिलेच आहेत. आम्ही त्याच्या आधीच्या फेऱ्यांविषयी बोलणार आहोत. त्यांचा फोटो कुणी काढला नाही.

22 जुलै 2021 रोजी महाड पाण्याखाली गेले. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली. दोन दिवसांनी आषाढी पौर्णिमा, वर्षावासाचा आरंभ. वंदनेला जमलो तेव्हा ज्याच्या त्याच्या हातात बोचके. बघता बघता विहारात जुन्या कपड्यांचा ढीग झाला, टेम्पोही दारात आला. तेवढ्यात एक आजी म्हणाल्या, "अरे, त्यांना काय पाहिजे ते विचारलंत का कुणी?" कुणीच विचारले नव्हते. टेम्पो परत पाठवला. काही मंडळी आमच्यावर रागावली, तेही खरे.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे, त्यात एक ताई, दोन मोटारसायकलींवर निघालो. पाली रस्त्याने जाताना जांभूळपाडा लागले. 1989 च्या जुलैत अंबा नदीने या गावाची काय दशा केली, ते आपल्या जुन्या माणसांना सांगायला नको. पुढे वाकण, कोलाड, माणगाव, लोणेरे करीत महाड गाठले. 20 मार्चला आपण चवदार तळ्यावर जातो, तेव्हाचे महाड ओळखू येईना. दुकानांतून चिखल उपसून रस्त्यावर टाकलेला, त्याच्या वासाने डोके धरले. 1927 साली बाबासाहेबांनी ज्या गावात पाण्याचा हक्क मिळवण्यासाठी सत्याग्रह केला, तिथे माणसे हंडे घेऊन प्यायच्या पाण्याच्या टँकरची वाट बघत होती.

एका घरी विचारले, "तांदूळ-डाळ आणू का?" बाई म्हणाल्या, "दादा, शिजवू कशात? शेगडीत चिखल, काडेपेटी भिजलेली." कपड्यांचे विचारले तर त्यांनी नुसते कोपऱ्याकडे बोट दाखवले. कुठून कुठून आलेले कपडे तिथे चिखलात पडले होते. आम्ही मान खाली घातली.

मग वहीत लिहीत गेलो : फावडी, घमेली, खराटे, ब्लीचिंग पावडर, पाण्याचे जार, मेणबत्त्या, टोप-पातेली. पायाला जखम घेऊन चिखलात उतरले की लेप्टोची भीती, म्हणून गमबूट. बायकांनी आमच्या ताईला बाजूला बोलावून पॅड आणि आतले कपडे सांगितले. आम्हा पुरुषांना ते सुचलेच नसते. पुन्हा एक फेरी केली ती माल उतरवायची जागा आणि गल्लीतली घरे मोजायला. त्यानंतरच टेम्पो हलला.

19 जुलै 2023 च्या रात्री आपल्याच तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली. ठाकर बांधवांची वाडी. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसे सापडलीच नाहीत. पोरे लगेच वर चढायला निघाली होती. आम्ही अडवले. वर गाडी जात नाही, जेसीबी जात नाही, पायवाट एकच, आणि शोधपथकांनाच ती पुरत नव्हती. आधी चौकला जाऊन विचारले, मग खालीच थांबून सांगितले ते काम केले.

महाडची ती वही विहारात आहे. फावडी-घमेली मागच्या खोलीत ठेवली आहेत. मात्र गमबुटांचे तीन जोड कुणीतरी नेलेत, ते पावसाळ्याआधी आणून द्यावेत.