यकृताचे आकडे आणि उतारवय

काळीज म्हटले की आपल्यापुढे हृदय उभे राहते; खाटकाच्या दुकानात मात्र कलेजी म्हणजे यकृतच. काळीज आणि काळजी हे शब्द कानाला इतके सख्खे वाटतात की, यकृताच्या तपासणीचा कागद हाती पडताच वृद्ध मंडळींची झोप उडावी यात नवल नाही. पूर्वी हा कागद आजाऱ्याच्याच वाट्याला येई. आता इंदूर असो, बडोदे असो की बेळगाव, साठी उलटलेल्या आईवडिलांना मुले हौसेने साठ-सत्तर तपासण्यांचा संच करवून देतात आणि संध्याकाळी मोबाईलवर उत्तर येते. त्यात एखादा आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो. तो ठळकपणा यंत्राने दिलेला असतो, वैद्याने नव्हे. आज मला बोलायचे आहे ते त्याविषयी.

मुळात आकड्यांची ही मर्यादा ठरते कशी? निरोगी माणसांचे रक्त तपासून त्यांच्यापैकी मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे जिथून जिथवर पसरतात, तीच बहुतेक तपासण्यांची मर्यादा धरली जाते. म्हणजे शंभर धडधाकट माणसांतली पाच केवळ व्याख्येमुळेच बाहेर पडतात. परस्परांशी संबंध नसलेल्या दहा तपासण्या एकदम केल्या, तर निदान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. सत्तर तपासण्या करून सारे आकडे आत राहिले, तर आश्चर्य त्याचेच करावे!

सर्वांत अधिक भीती वाटते ती एस.जी.पी.टी. आणि एस.जी.ओ.टी. या दोन नावांची. ही पेशींच्या आत काम करणारी विकरे होत. पेशीला इजा झाली की ती रक्तात झिरपतात. तेव्हा हे आकडे सांगतात ते इजेविषयी. यकृत काम किती करते, हे ते सांगत नाहीत. कामाचा अंदाज घ्यायचा तर अल्ब्युमिन, बिलिरुबिन आणि रक्त गोठण्यास लागणारा वेळ पाहावा लागतो. शिवाय एस.जी.ओ.टी. हे एकट्या यकृताचे नव्हे. १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये लाड्यू, व्रोब्लेव्स्की आणि कार्मेन यांनी त्याचा उपयोग प्रथम दाखवला, तो हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी. स्नायूंतही ते असते. न्हाणीघरात घसरून पडलेल्या आजीबाईंचा हा आकडा वाढला, तर दोष बहुधा फरशीचा असतो.

तीच गोष्ट अल्कलाइन फॉस्फेटेजची. ते यकृतातून येते तसेच हाडांतूनही येते. ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव, भरून येणारे हाड, यांमुळेही ते वाढते, आणि म्हातारपणी या दोन्ही गोष्टी नित्याच्या. आणखी एक गंमत सांगतो. बऱ्याच माणसांचे बिलिरुबिन जन्मतःच किंचित चढे राहण्याच्या बेताचे असते. १९०१ साली पॅरिसच्या गिल्बेर यांनी हा प्रकार नोंदवला. त्यापासून यकृताला अपाय होत नाही. पण उपवास घडला की आकडा वाढतो. सत्तर वर्षे अशी प्रकृती घेऊन सुखाने जगलेला गृहस्थ निर्जळी एकादशी करतो, द्वादशीला सकाळी रक्त देतो आणि संध्याकाळी कावीळ झाली म्हणून हवालदिल होतो.

मग सारे वयावर ढकलून स्वस्थ बसावे काय? तसेही नव्हे. वयाबरोबर यकृत थोडे आक्रसते, त्यातून वाहणारे रक्तही कमी होते, हे खरे. परंतु या अवयवाची शिल्लक एवढी मोठी की नेहमीच्या तपासण्यांत त्याचा फारसा मागमूस लागत नाही. एस.जी.पी.टी. तर उतारवयात सामान्यतः थोडे उतरतेच. म्हणून ते स्पष्टपणे चढले असेल, तर ‘आता वय झाले’ हे उत्तर पुरेसे नाही. उलट बाजूनेही सावध राहावे लागते. जुनाट, व्रणांनी घट्ट झालेल्या यकृतात ही विकरे अगदी मर्यादेत असू शकतात.

माझ्याकडे चौऱ्याहत्तर वर्षांचे एक निवृत्त शिक्षक आले होते. एस.जी.पी.टी. बासष्ट. कागद त्यांनी महिनाभर पोथीच्या बासनात दडवला. घरात कुणाला बोलले नाहीत. मात्र कुणीतरी सांगितले म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली आणि यकृत ‘साफ’ करणारा काढा सुरू केला. तीन वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता! त्या गोळीने विकरे किंचित वाढतात. मर्यादेच्या तिपटीपर्यंत, अन्य लक्षणे नसल्यास, ती सहसा थांबवत नाहीत. ज्या आकड्याने त्यांना काही होणार नव्हते, त्याच्या भीतीने ते खऱ्या संकटाच्या तोंडी जाऊन बसले होते. काढ्याविषयीही सांगायला हवे. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, असे त्याचे म्हणणे होते. वाद काहीही असो, झाडपाल्याचे म्हणून ते निरुपद्रवी, हे समीकरण मला मान्य नाही. डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांबरोबर चूर्णे, आसवे, काढ्यांच्या बाटल्या, सारे पिशवीत घालून न्यावे.

उतारवयात खरोखर शोधण्यासारखी कारणे थोडकी आहेत: मधुमेहासोबत येणारी यकृतातील चरबी, मद्य, औषधे, पित्ताचे खडे, आणि ‘ब’ व ‘क’ प्रकारची विषाणुजन्य कावीळ. ‘क’ विषाणू १९८९ साली सापडला. त्याआधी ज्यांना रक्त चढवले गेले, त्यांच्यासाठी त्या रक्ताची तपासणी शक्यच नव्हती. अशांनी एकदा ही चाचणी करून घ्यावी, कारण आज बहुधा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी हा रोग बरा होतो आणि २०१८ पासून केंद्र सरकारच्या कार्यक्रमात त्या मोफत मिळतात. यकृत घट्ट झाले आहे काय, हे अजमावण्यासाठी फिब-४ नावाचे एक सूत्र वापरतात. त्यात वयानेच गुणायचे असते! म्हणून पासष्टीनंतर त्याची १.३ ही पायरी न धरता २ धरतात. कागदावर हे सहसा छापलेले नसते.

डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद होणे, पोट फुगून पाणी साठणे, शौचास डांबरासारखे काळे होणे, बोलण्यात असंबद्धता येणे, यांपैकी काही घडले तर आकड्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. क्षयाची औषधे चालू असतील तर विशेषच. एरवी किंचित चढलेला आकडा काही आठवड्यांनी पुन्हा पाहतात, आणि तोवर घरातल्या माणसांना तो सांगून टाकावा. सर्वांत उपयोगी पडतो तो जुना कागद. पाच-दहा वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या किंवा हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधी रक्त तपासले असेल, तर ती फाइल माळ्यावरून काढावी. तेव्हाही आकडा हाच होता की तो आता चढला आहे, हे त्यावरून दोन मिनिटांत कळते.