एका ओळीची पट्टी



 माझी सारी नोकरी दप्तरखान्यात गेली. रुमाल, म्हणजे कागद बांधलेलं फडकं, सोडायचा, हवा तो कागद काढून द्यायचा आणि रुमाल पुन्हा बांधायचा. आज तुम्हा अभिलेखपाल, ग्रंथपाल आणि मोडीवाचकांसमोर बोलणार आहे तेही दप्तराबद्दलच: ते कोणासाठी उघडायचं आणि त्यातलं काय झाकायचं.

२०२३ च्या शेवटी जातीच्या दाखल्यांसाठी जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदींचा शोध जोरात होता. त्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली होती आणि जुनी मोडी लिपी वाचणाऱ्यांना ठिकठिकाणहून बोलावणी येत होती. अशाच एका तहसील कचेरीत एक बाई पणजोबांची नोंद शोधत आल्या. मी कोतवाल बुक काढलं. गाव नमुना चौदा, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची वही. कडा हात लावताच तुटत होत्या, पण अक्षर टपोरं होतं. पणजोबांचं नाव सापडलं, जातीच्या रकान्यातला शब्दही सापडला. त्याच्या दोनच ओळी खाली दुसऱ्या घरातल्या बाळाच्या जन्माची नोंद होती. बापाच्या नावाची जागा कोरी, आणि शेऱ्यात त्या आईबद्दल एक शब्द, जो मी इथे उच्चारणार नाही. त्या घरची पतवंडं कदाचित आजही त्याच गावात नांदत असतील. मी कोऱ्या कागदाची पट्टी कापली, त्या ओळीवर ठेवली आणि मगच वही बाईंपुढे सरकवली.

पुढे अशी कित्येक पानं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली. गरजूंचे हेलपाटे वाचले, हे मोठंच काम झालं. पण तिथे पट्टी ठेवायला कोणी बसलेलं नसतं.

यावरून दप्तर बंदच बरं, असा अर्थ कृपा करून काढू नका. बंद दप्तराची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि पेशवे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेलं. इनामांची चौकशी करताना सरकारने ते हवं तसं वापरलं. बहुतेक अभ्यासकांना मात्र दाराशीच थांबावं लागलं. इतिहासाचार्य राजवाडे गावोगावच्या वाड्यांतून, माळ्यांवरून कागद गोळा करत हिंडले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. त्याच पुण्यातले पेशव्यांचे बहुतेक रुमाल तेव्हाही बांधलेलेच होते. रियासतकार सरदेसाईंच्या संपादनाखाली निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात निघाले, तोवर शंभरावर वर्षं लोटली होती. सरकारला चाललेला कागद रयतेला का चालू नये, या प्रश्नाचं उत्तर आपल्या आजोबा-पणजोबांना मिळालं नाही.

ते मिळवून दिलं राजस्थानच्या मजुरांनी. डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराणा गावी मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई, म्हणजे जाहीर सुनावणी, भरवली आणि सरकारी कामाची मस्टरं, म्हणजे मजुरांची हजेरीपत्रकं, गावासमोर वाचून दाखवली. कामावर कधी न गेलेल्यांच्या, मेलेल्यांच्याही नावावर मजुरी उचललेली निघाली. मित्रहो, मस्टर म्हणजे नावांचीच यादी. नाव ही वैयक्तिक माहिती, म्हणून ती झाकली असती तर मजुराला काय मिळालं असतं? अब्रू वाचली असती ती पैसे खाणाऱ्याची.

त्या लढ्यातून आलेल्या २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात कलम ८(१)(जे) तोलून लिहिलेलं होतं. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर नाहक घाला घालणारी माहिती नाकारा. व्यापक जनहित असेल तर द्या. आणि जी विधिमंडळाला नाकारता येत नाही ती सामान्य माणसालाही नाकारू नका. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मला त्याचा आनंदच झाला. माझी पट्टी त्याच हक्कासाठी होती. पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने या कलमातला तोलच काढून टाकला, आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागू झाला. आता 'वैयक्तिक माहिती' एवढ्या दोन शब्दांवर अर्ज फेटाळता येतो. हे मला मान्य नाही, आणि या व्यासपीठावरून ते स्पष्ट सांगणं मी माझं कर्तव्य समजतो.

दुसरीकडे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आठवा. माणसं जन्मानेच गुन्हेगार ठरवून वह्यांत चढवली गेली, त्यांची हजेरी घेतली गेली. १९५२ मध्ये तो कायदा गेला, वह्या राहिल्या. आपल्या आजोबांना कोणी, कोणत्या हुकमाने डांबलं, हे त्या घरच्या मुलीला पाहायला मिळालंच पाहिजे. पण तिचं स्थळ बघायला निघालेल्याला त्याच वहीतून तिच्या घराण्याचा 'इतिहास' सापडता कामा नये.

म्हणून माझी कसोटी साधी आहे: ज्याने लिहिलं, सही केली, पैसे मंजूर केले, त्याची ओळ उघडी. ज्याच्याबद्दल त्याला न विचारता लिहिलं गेलं, त्याची ओळ जपायची, आणि जपायची ती त्याच्याचसाठी. हे आजही करता येतं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम १० प्रमाणे झाकायचा तेवढा भाग वगळून उरलेला कागद देता येतो. कलम ८(२) मधली जनहिताची वाट शाबूत आहे. नकार द्याल तेव्हा कारण सविस्तर लिहा. दोन शब्दांत उरकू नका. आणि पान संकेतस्थळावर चढवण्याआधी ते जाणत्या माणसाने एकदा वाचावं, एवढी तरतूद प्रत्येक स्कॅनिंगच्या कामात असावी, अशी माझी शासनाला कळकळीची विनंती आहे.

त्या दिवशी पट्टी कापताना ती एका ओळीहून रुंद होणार नाही, याची मी काळजी घेतली होती. वरच्या-खालच्या नोंदी, तारखा, तळाची सही, सगळं उघडं होतं. बाईंनी पणजोबांच्या नावावरून बोट फिरवलं. मग पट्टीकडे पाहून त्यांनी विचारलं, "इथं काय आहे?" मी म्हटलं, "दुसऱ्यांच्या घरचं आहे, ताई." त्यांनी मान हलवली. "मग राहू द्या," म्हणाल्या, आणि आपल्या ओळीची नक्कल मागितली.