काचेतली ज्योत

काचेच्या पेल्यात ओतलेले पांढरे मेण आणि मध्ये उभी केलेली सुती वात, हे मेणबत्तीचे बाजारातले एक अगदी साधे रूप. किंमत थोडी, म्हणून तिचा मानही थोडा. वीज गेली की तिची आठवण व्हावी आणि वीज आली की तिला फुंकर घालून फळीवर ढकलावे, एवढाच तिचा घराशी संबंध. परंतु पतंगाच्या कागदाचे चार ताव, वाटीभर खळ आणि थोडासा रंग मिळाला, तर हीच उपेक्षित मेणबत्ती दिवाळीच्या किंवा नाताळच्या संध्याकाळी घराची शोभा होऊ शकते.

आज स्वस्त वाटणारी ही वस्तू एके काळी स्वस्त नव्हती. युरोपात मधमाशांच्या मेणाची मेणबत्ती चर्चच्या वेदीवर किंवा श्रीमंताच्या दिवाणखान्यात जळे; गरिबाच्या वाट्याला येई ती चरबीची, धुरकट आणि उग्र वासाची. चरबीचे रसायन उलगडणाऱ्या शेव्रल यांनी गे-ल्यूसॅक यांच्यासह 1825 मध्ये स्टिअरिनच्या मेणबत्तीचे पेटंट घेतले. पुढे 1850 नंतर पॅराफिनचे मेण विपुल होऊ लागले आणि स्वच्छ जळणारी मेणबत्ती सामान्य घरात आली. 1860-61 च्या नाताळात मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर सहा व्याख्याने दिली, ती ह्याच मेणबत्तीवर.

काचेची कथाही अशीच कष्टाची आहे. महाराष्ट्रात लोकांकडून एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभा राहिला आणि त्यातून 1908 मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. 1916 मध्ये ओगले बंधूंचा कारखाना स्थापन झाला. कराडजवळच्या ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील पुढे खेड्यापाड्यांतून लोकांच्या हाती आला. उत्तरेत फिरोजाबादच्या भट्ट्यांनी बांगडीपासून पेल्यापर्यंत काच सर्वांच्या आवाक्यात आणली. तेव्हा वस्तू स्वस्त आहे म्हणून ती हलकी आहे, असे समजण्याचे कारण नाही. तिच्यावर घातलेले श्रम वाया जात नाहीत.

मात्र हे श्रम कोठे घालावेत आणि कोठे हात आवरावा, हे कळले पाहिजे. कागदावरच्या चित्रावर उजेड बाहेरून पडतो. मेणबत्तीच्या काचेवरच्या चित्रातून तो आरपार येतो. पुष्कळांची सजावट फसते ती हा भेद ध्यानात न आल्यामुळे. जाड रंगाचे दोन हात, त्यावर सोनेरी चकत्या, त्यावर टिकल्या असा साज चढविला, की दिवसा पेला मोठा ऐटदार दिसतो. रात्री वात लावली, की आतला उजेड आतच कोंडतो. सोनेरी वर्ख समोरचा प्रकाश परतवितो, मागचा येऊ देत नाही. म्हणून काचेवर रंग देणे म्हणजे उजेड किती अडवावयाचा हे ठरविणे होय.

ह्या कामी पतंगाच्या पातळ कागदासारखा दुसरा सोबती नाही. खळीने ओला होऊन काचेला चिकटला, की तो ज्योतीचा झगझगीत ठिपका मोडून त्याचा मंद, पसरट उजेड करतो. रंग निवडताना मेणबत्तीचा स्वभाव ओळखावा. तिचा प्रकाश पिवळा, तांबूस असतो. निळ्याचा अंश त्यात फारच थोडा. त्यामुळे पिवळा, नारिंगी आणि लाल कागद तिच्यासमोर उजळतो. दिवसा शोभणारा गर्द निळा रात्री जवळजवळ काळा पडतो. निळा हवाच असेल, तर फिकट घ्यावा आणि थोडा घ्यावा. पिवळ्यावर फिकट निळ्याची कड चढली, तर तेथे हिरवी छटा उमटते. दोन ताव हातात असताना तिसरा रंग असा फुकट मिळतो.

कृती सोपी आहे, पण तिचा क्रम मोडता येत नाही. प्रथम पेला साबणाच्या पाण्याने बाहेरून धुऊन कोरडा करावा. वातीला मात्र पाणी लागू देऊ नये. बोटांचा तेलकटपणा राहिला, तर तेथे ना खळ धरत, ना रंग. मग एका कागदाची पट्टी पेल्याभोवती गुंडाळून घेर मोजावा आणि त्याच मापाच्या कागदावर नक्षी आखावी. पतंगाचा कागद कात्रीने कापण्याऐवजी हाताने फाडला, तर त्याच्या कडा मऊ येतात व एक तुकडा दुसऱ्यात मिसळून जातो. खळ पातळ असावी. ती कुंचल्याने काचेवर लावावी, तुकडा ठेवावा आणि मधून कडेकडे बोट फिरवून आतली हवा काढून टाकावी. कागद पूर्ण वाळला, की त्यावर रंगाच्या रेषा द्याव्यात. नुसत्या गुळगुळीत काचेवर पाण्यातला रंग ओघळतो. कागदावर तोच रंग ठरतो. उघड्या काचेवरच रंगवावयाचे असेल, तर काचेसाठी मिळणारे पारदर्शक रंग घ्यावेत आणि ते पुरते वाळल्यावाचून वात पेटवू नये.

नक्षीसाठी लांब जावयास नको. दारातल्या रांगोळीचे ठिपके, तोरणातली आंब्याची पाने, पदरावरची कुयरी, वसईच्या किंवा गोव्याच्या घरावर नाताळात टांगलेले नक्षत्र, हे सारे पेल्यावर उतरते. मथुरेकडे सांझीसाठी कागद नाजूकपणे कातरून साचे करतात. तशी कातरलेली काळ्या कागदाची एखादी वेल पिवळ्या पेल्यावर चढविली, तर ज्योतीपुढे तिची छाया जिवंत होते. एका पेल्यावर एकच कल्पना पुरे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कागद आणि ज्योत ह्यांचे सख्य काचेच्या मध्यस्थीवर टिकून आहे. म्हणून कागद नेहमी बाहेरच्या अंगालाच लावावा, आत कधीही नाही. तापलेली हवा वर चढते व पेल्याची कड तिच्या वाटेवर असते. तेव्हा कडेखाली दोन बोटे काच उघडी ठेवावी. कडेवर झालर, रिबीन, सुकलेली फुले ह्यांचा मोह टाळावा. वात लांब राहिली, तर ज्योत मोठी होते आणि काजळी धरते. म्हणून लावण्यापूर्वी ती पाव इंचाएवढी कातरावी. पेल्याखाली बशी असावी, जवळ पडदा नसावा आणि जळता पेला एकटा सोडून कोणी उठून जाऊ नये. तळाशी अर्धा इंच मेण उरले, की ज्योत विझवावी. नाही तर तळाची काच एकाच जागी तापून तडकते. मेणाने पेट घेतलाच, तर पाणी ओतू नये, जळते मेण उडते. वरून धातूचे झाकण ठेवून हवा तोडावी. मुलांनी कागद फाडावा, चिकटवावा, रंगवावा. काडी मात्र वडीलधाऱ्यांनी ओढावी.

मेण भरलेल्या पेल्यात ज्योत वरून खाली उतरत जाते. पहिल्या रात्री नक्षीचा वरचा भाग उजळतो, खालचा काळोखात असतो. हे ओळखून मुख्य चित्र पेल्याच्या मधोमध घ्यावे. ज्योत तेथवर पोचली, की ते उमलते. मेण संपत आले, तरी पेला टाकून देऊ नये. शीतकपाटात ठेवला, की उरलेले मेण आकसून सुटते आणि बाहेरचा कागद भिजत नाही. पेला पुन्हा घरातल्या उबेला आला, की रिकाम्या तळाशी पत्र्याच्या वाटीतली छोटी मेणबत्ती ठेवावी. आता उजेड तळातून वर चढतो आणि इतके दिवस तुकड्यातुकड्याने दिसलेली नक्षी प्रथमच सबंध दिसते.