डॉक्टरकीची पहिली पायरी



मुलगी दहावी झाली की वडील विचारतात, 'डॉक्टर व्हायचे तर कॉलेज नागपूरचे की गोंदियाचे?' माझ्या मते आधी विषय ठरवावेत. अकरावी-बारावीला पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र हवेच. 'नीट'च्या ७२० गुणांपैकी ३६० एकट्या जीवशास्त्राचे. कॉलेजच्या नावाला तेथे एकही गुण नाही. गोंदियात २०१६ पासून असलेल्या वैद्यकीय महाविद्यालयाचे दारही याच परीक्षेने उघडते. गणित सोबत घेतल्यास, वैद्यकीय प्रवेश हुकला तरी अभियांत्रिकीची वाट उरते. मग शेत गहाण टाकण्यापूर्वी जवळचे कॉलेज डोळ्यांनी पाहा : शिक्षक नेमाने शिकवतात काय? प्रयोगशाळा उघडी असते काय? तेथे कुलूपच दिसले, तर मात्र बिरसीहून खुशाल नागपूर गाठा.