रद्दीतून माणसे शोधणारा माझा मित्र
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणावरून)



अशा प्रसंगी डॉक्टर, वकील, इंजिनिअर झालेल्यांचा गौरव होतो, आणि तो व्हायलाच हवा. मी मात्र आज चौथीपर्यंतच शिकलेल्या एका माणसाबद्दल बोलणार आहे. मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर त्यांचे लहानसे दुकान होते. जुनी पोस्टकार्डे, सिनेमाची पोस्टरे, काड्यापेट्यांवरची चित्रे, जुने स्टॅम्पपेपर हा त्यांचा माल. आमची मैत्री चाळीस वर्षांची. मी त्यांना भाई म्हणत असे, ते मला मास्तर. गेल्या वर्षी ते अल्लाहला प्यारे झाले.

शाळा सुटली, पण भाईंचे शिक्षण थांबले नाही. पूर्वी सिनेमागृहांत चित्रपटाच्या गाण्यांच्या पुस्तिका काही आण्यांना विकत मिळत. त्यांपैकी बऱ्याच पुस्तिकांत तीच गाणी हिंदी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत छापलेली असत. उर्दू त्यांना घरी येत होती. ती शेजारी ठेवून त्यांनी बाकीच्या दोन लिप्या स्वतःच्या स्वतः आत्मसात केल्या. शिकण्याची इच्छा असली की रद्दीचीही पाठशाळा होते, ती अशी!

अशा कागदांचे महत्त्व काय, असे कोणी विचारील. एकच दाखला देतो. आपल्या देशाचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातील मॅजेस्टिक सिनेमागृहात झळकला. दिग्दर्शक होते अर्देशिर इराणी. आज त्या चित्रपटाची एकही प्रत कोठे उपलब्ध नाही. तो आपल्याला कळतो तो छायाचित्रे, जाहिराती आणि छापील पुस्तिका यांवरून. ज्या कागदांना त्या वेळी कोणी मोजले नाही, तेच आज साक्षीला उभे आहेत. पुण्याला १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तेथेही फिल्मबरोबर पोस्टरे आणि गाण्यांच्या पुस्तिका जपल्या जातात, त्या याचसाठी.

भाईंच्या गल्ल्याजवळ एक भिंग असे. जुने शिळाछापाचे चित्र भिंगाखाली धरले तर रंगाचे दाणे ओबडधोबड, विखुरलेले दिसतात. अलीकडच्या ऑफसेट छपाईत ठिपके शिस्तीत, ओळीने बसलेले असतात. एवढ्यावरून ते अस्सल आणि नक्कल ओळखत. नक्कल निघाली तर तिच्या पाठीवर पेन्सिलीने ‘नक्कल’ असे लिहूनच विकत. मी म्हटले, “भाई, गिऱ्हाईक विचारत नाही, तुम्ही कशाला सांगता?” ते म्हणाले, “मास्तर, त्याला दिसत नाही म्हणूनच मला सांगायला हवे.” धंद्यातल्या इमानाची याहून सोपी व्याख्या मला कोणत्या पुस्तकात मिळालेली नाही.

एकदा वजनावर घेतलेल्या गठ्ठ्यात त्यांना एका मुलीचे व्हर्नाक्युलर फायनल परीक्षेचे प्रमाणपत्र सापडले, स्वातंत्र्यापूर्वीचे. त्या काळी सातवी पास झालेली मुलगी! ज्या घरातून रद्दी आली होती, ते घर भाईंनी चार महिने शोधले. शेवटी त्या बाईंचा नातू दुकानी आला. आपली आजी परीक्षा पास झाली होती, हे त्याला ठाऊकच नव्हते. घरात सर्वांचा समज ती निरक्षर असल्याचा. तो पैसे देऊ लागला तेव्हा भाई म्हणाले, “बाजारात याला गिऱ्हाईक नाही आणि तुमच्या घरात याला मोल नव्हते. मी किंमत कशी लावू?”

पालकहो, हा प्रश्न आपल्यालाही आहे. आपण मुलींच्या शिक्षणाच्या गोष्टी करतो, पण घरात पहिल्यांदा शिकलेल्या बाईचा कागद आपण सांभाळला आहे काय? आजी शिकली होती हे ज्या नातीला कळते, तिला शाळेत जाताना कोणाची परवानगी मागावीशी वाटत नाही.

हे कागद जपायला खर्च लागत नाही. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद उजेडाने व हवेने पिवळा पडून ठिसूळ होतो, म्हणून तो उन्हात ठेवू नका. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक तपकिरी होऊन कागदात मुरतो. लॅमिनेशन करू नका. ते पुन्हा सोडवता येत नाही. पावसाळा संपला की कागद सावलीत हवेशीर पसरा. मोबाईलवर फोटो जरूर काढा, पण फोटो काढला म्हणून मूळ कागद टाकू नका.

विद्यार्थी मित्रांनो, या सुट्टीत घरातली जुनी पेटी उघडा. आजोबांचा शाळेचा दाखला, आजीचे पत्र, जुने रेशनकार्ड, जे मिळेल ते बाहेर काढा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून हा कागद कोणाचा, कोणत्या सालचा, हे पाठीमागे पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. सांगणारे आज आपल्यात आहेत, तोवरच हे काम होणार आहे.

अल्लाह माझ्या मित्राची मगफिरत करो आणि आपल्या मुलांना, मुलींना इल्मची कदर करण्याची तौफीक देवो. आमीन.