अडुळशाचा रस आणि खोकल्याची बाटली

पनवेल आणि आयुर्वेदाचं नातं जुनं. कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ साली इथे श्री धूतपापेश्वरचा औषधी कारखाना सुरू केला. पण खोकल्यावरचं घरोघरच्या ओळखीचं औषध आजही कुंपणालाच उभं असतं: अडुळसा. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून बांधावर तो निर्धास्त वाढतो.

नुसतं पान चुरगाळून रस फारसा निघत नाही. ते तव्यावर मऊ पडेपर्यंत शेकायचं, फडक्यात घालून पिळायचं आणि तो हिरवा, कडूजहर रस मधातून चाटवायचा. आजीबाईच्या बटव्यातला हा खटाटोप हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नाही. पानात व्हॅसिसिन नावाचं अल्कलॉइड असतं. त्याच्याच रचनेचा धागा धरून ब्रोमहेक्सिन तयार झालं आणि १९६३ साली बाजारात आलं. शरीरात त्यापासून बनणारं अँब्रोक्सॉल आज कितीतरी सिरपांच्या लेबलवर दिसतं. दोन्ही औषधं चिकट कफ पातळ करतात.

म्हणून अडुळसा सिद्ध झाला का? अजून नाही. गोळीत औषध मोजून घातलेलं असतं; घरच्या रसात ते किती उतरलं, कुणी सांगावं? माणसांवरच्या काही चाचण्यांत गुण दिसला, पण तिथे अडुळशाच्या जोडीला इतर वनस्पतीही होत्या. एकट्या अडुळशाच्या मोठ्या, काटेकोर चाचण्या व्हायलाच हव्यात.

गरोदरपणी मात्र हा रस घेऊच नये. व्हॅसिसिनमुळे गर्भाशय आकुंचन पावतं, हे जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतल्या कामातून पुढे आलं आहे. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही लावू नये.

बाटलीतला धोका निराळा. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले. २०२५ साली खोकल्याचं सिरप घेतलेली छिंदवाड्याची मुलं, मूत्रपिंडं निकामी होऊन, नागपूरच्या रुग्णालयांत आणली गेली; कित्येक वाचली नाहीत. दोन्हीकडे विष एकच, डायएथिलीन ग्लायकॉल. त्यात अडुळशाचा काही दोष नव्हता. तरी सिरप कुठलंही असो, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत पाहिल्याशिवाय घरात आणू नये. लहान मुलांना तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नये.

दोन आठवडे उलटूनही खोकला हटत नसेल, तर काढे बदलत बसू नये. सरकारी रुग्णालयात थुंकीची तपासणी मोफत होते आणि क्षय निघाला तर औषधंही मोफत मिळतात.