चंचलता आणि प्रज्ञा : ओळख कशी पटवावी?

(हीरक महोत्सवी वर्षातील तंजावर अभ्याससहलीत माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर एका निवृत्त शिक्षिकेने केलेले भाषण)



आज सकाळी आपण सरस्वती महाल ग्रंथालय पाहिले. त्याला वैभव देणारे सरफोजी राजे १७७७ साली जन्मले. तुळजाराजांनी त्यांना दत्तक घेतले, परंतु गादीवर अमरसिंह बसले आणि या मुलाला जवळजवळ कोंडूनच ठेवण्यात आले. शिक्षणाची आबाळ झाली. श्वार्ट्‌झ या जर्मन मिशनऱ्याने खटपट केली, म्हणून त्यांना पुढे मद्रासला शिकता आले. १७९८ मध्ये ते गादीवर आले आणि बहुभाषाकोविद व ग्रंथसंग्राहक म्हणून विख्यात झाले. त्या कोंडलेल्या मुलाकडे पाहून एखाद्या परीक्षकाने काय निष्कर्ष काढला असता?

हा प्रश्न मला बोचतो, कारण असा एक निष्कर्ष माझ्या हातून चुकला आहे. पाचवीच्या माझ्या वर्गात एक मुलगा होता. प्रश्न पुरा होण्याआधीच तो उत्तर देई. वही मात्र कायम अपुरी, कंपासपेटी रोज हरवलेली. त्याच्या आईने विचारले, “बाई, डॉक्टरांना दाखवू का?” मी म्हणाले, “अहो, बुद्धिमान आहे तो. कंटाळतो, म्हणून चुळबुळ करतो.” माऊली समाधानाने परतली. तीन वर्षांनी तोच मुलगा रडवेला होऊन मला म्हणाला, “बाई, मला करायचं असतं हो, पण सुरूच करता येत नाही.” पुढे तज्ज्ञांनी तपासले, तेव्हा कळले की तो असामान्य बुद्धीचा होता आणि त्याला एडीएचडी, म्हणजे अवधान टिकवण्यातील उणीव व अतिचंचलता हा विकारही होता. माझ्या कौतुकाने त्याची तीन वर्षे वाया घालवली.

दोन्ही प्रकारची मुले वर्गात सारखीच दिसतात: मध्येच बोलणारी, खिडकीबाहेर पाहणारी, गृहपाठ टाळणारी. मग भेद कसा करावा? प्रथम काम बदलून पाहावे. सोपी गणिते संपल्यामुळे चुळबुळणारे प्रज्ञावान मूल अवघड गणित हाती येताच बहुधा स्थिरावते. एडीएचडी असलेल्या मुलाची अडचण शाळा, घर, मैदान अशी अनेक ठिकाणी त्याच्यामागे येते. आवडीच्या कामातही सुरुवात, क्रम, वेळ आणि शेवट यांची घडी विस्कटते.

येथे एक सावधगिरी हवी. “दोन तास बुद्धिबळ खेळतो, मग त्याला कसला विकार?” असे पालक म्हणतात. परंतु या मुलांचे लक्ष आवडीच्या गोष्टीत खिळून राहू शकते. ते हवे तेव्हा, हवे तेथे वळवणे त्यांना कठीण जाते. म्हणून नावडत्या पण आवश्यक कामात काय घडते, तेही पाहावे. तल्लख मूल बुद्धीच्या बळावर ही उणीव झाकते आणि वरच्या इयत्तेत अभ्यास वाढला की एकाएकी कोलमडते. गप्प बसून स्वप्नात हरवणाऱ्या मुलीकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही.

दृष्टी, श्रवण, झोप आणि भाषा यांचाही विचार आधी व्हावा. या तंजावरात घरी मराठी आणि शाळेत तमिळ वा इंग्रजी असलेली मुले आहेत. त्यांचे थबकणे म्हणजे अनवधान नव्हे.

निदानासाठी एखादी रक्तचाचणी नाही. २०१३ च्या अमेरिकन मानसोपचार निकषांनुसार लक्षणे किमान सहा महिने टिकलेली, त्यांतील काही बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली, एकाहून अधिक ठिकाणी आढळणारी आणि जीवनात अडथळा आणणारी असावी लागतात. निदान तज्ज्ञानेच करावे. नुसता बुद्ध्यंक पाहून ते होत नाही, कारण उच्च बुद्ध्यंकाने हा विकार नाकारला जात नाही.

शिक्षकाचे काम निदानापूर्वीही सुरू होते आणि नंतरही उरते. सरफोजी राजांनी ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नृत्यनाट्यातून जगाचा भूगोल सांगितला. नकाशासमोर जांभया देणारे मूल त्यात कदाचित रमले असते. पुण्यात १९६२ मध्ये स्थापन झालेल्या ज्ञान प्रबोधिनीने प्रज्ञावंतांनाही योजनापूर्वक शिक्षण लागते, हे दाखवून दिले. आव्हान, लहान टप्पे, हालचालीची मुभा आणि गरजेप्रमाणे उपचार, हे सारे एकाच मुलाला लागू शकते.

पालकहो, शंका आली तर दोन आठवडे एका वहीत लिहून ठेवा: कोठे, कोणत्या कामात, किती वेळ, काय घडले. शिक्षकांनीही तशीच नोंद करावी आणि दोन्ही वह्या तज्ज्ञांपुढे ठेवाव्यात. त्या आईने मला विचारले, तेव्हा माझ्यापाशी अशी वही नव्हती. आपल्या शाळेत यापुढे असा प्रश्न घेऊन येणारी आई नुसते कौतुक ऐकून परतू नये, एवढीच माझी विनंती.